सोमसूत्र ओलांडणारा पट्टा

आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत न्हाईत, पण ह्या कारभाराला नाव न घेता हात घालता यायचा न्हाई. मन्मथअप्पा. वालूरच्या बाजारात ह्यांचं किराणा दुकान. पस्तीस वर्षं इमानदारीनं चालवलं, एकसष्टावं लागलं तसं लेकाच्या, शिवप्रकाशच्या, हवाली केलं, आन् दुसऱ्या दिवसापासून माणूस हातचा गेला. दारू न्हाई, पत्ते न्हाई, राजकारण न्हाई. पुल्या. मी उमादेवी, ह्यांची बायको. मी सांगते ते सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालेलं हाय, पदरचं काही घालायली न्हाई. घालायची गरजच पडली न्हाई.

झालं काय, ह्यांच्या लहानपणी सासऱ्यांची पिठाची गिरणी होती, ऑईल इंजिनवर चालणारी. इंजिन पुक पुक करायचं, लांबलचक पट्टा सळसळायचा, जातं फिरायचं, आन् हे शाळा बुडवून समोर बसायचे. गावात लाईट आली, गिरणीला मोटार बसली, इंजिन भंगारात गेलं. त्या दिवशी अकरा वर्षांचं पोर जेवलंच न्हाई म्हणं. सासूबाई हे कौतुकानं सांगायच्या. मला तेव्हाच कळायला पायजे होतं, पण नव्या नवरीला कोण इचारतंय.

दुकान सोडल्यावर वेळ जावा म्हणून शिवप्रकाशनं मोठा मोबाईल घेऊन दिला. "आप्पा, कीर्तन ऐका." ह्यांनी दोन दिवस ऐकलं. तिसऱ्या दिवशी त्याच्यात कुठला तरी परदेशी म्हातारा दिसला, घरामागच्या खोलीत वीतभर इंजिन करून त्याच्यावर पट्ट्यानं चिमुकली यंत्रं फिरवणारा. हे मोबाईल घेऊन सैपाकघरात आले. डोळ्यांत पाणी. मला वाटलं कोणी गेलं.

"उमा," म्हणले, "आपली गिरणी करतो. वीतभर. पण पीठ खरं पडंल."

मी म्हणलं, "पीठ गिरणीतून येतंय की. दोन गल्ल्या सोडून तर हाय."

"ती मोटारीवरची हाय," म्हणले. जसं काही मोटारीच्या पिठाची भाकर पोटात ठरतच न्हाई.

मागची खोली ह्यांनी धरली. तिथं आधी दुकानाची पोती असायची. फवारणी पंपाचं मोडकं इंजिन आणलं, त्याला दोन्ही बाजूंनी जड चाकं बसवली, वर पाण्याचं डबडं, आन् सहा महिन्यांत ते खरंच पुक पुक करायला लागलं. ते मी मान्य करते. पण इंजिन नुसतं जागेवर पुकपुकून काय कामाचं? त्याचा जोर जात्यापर्यंत न्यायला पुल्या लागतात, पट्टे लागतात, आन् तिथंच आमच्या आयुष्याची चार वर्षं गेली.

पुल्या घडवायला लाकूड गरगर फिरवणारा लेथ पायजे. लेथ न्हाई, माझी शिलाई मशीन हाय. मशीनच्या वरच्या चाकाला बाहेरून बाभळीचा तुकडा अडकवायचा, मी खाली पायडल मारायचं, आन् हे पटाशी धरून लाकूड सोलायचे. खडखड ऐकून गल्लीतल्या बायका इचारायच्या, उमाताई, लय शिवणकाम निघालंय का? मी हौ म्हणायची. काय सांगू, नवऱ्याला चाकं शिवून द्यायलेय म्हणून?

मग पट्टा. जुन्या गिरणीचा पट्टा चामड्याचा असायचा, म्हणून ह्यांनी परभणीहून चामड्याची पट्टी आणली. मी दारातच अडवलं. आमचं लिंगायताचं घर. गळ्यात लिंग, सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेत न्हाई, आन् घरात चामडं? हे शांतपणे म्हणले, "मग तुझ्या मशीनला खाली काय हाय?" मी वाकून बघितलं. चामड्याचीच वादी. माझ्या माहेरून आलेली मशीन, अडतीस वर्षं देवघराला खेटून उभी. मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले न्हाई. तिसऱ्या दिवशी वादी काढून नायलॉनची दोरी घातली, मशीन धुऊन काढली, आन् चामडं आता कायमचं बंद म्हणून सांगितलं.

तेव्हापासून घरात जे जे लांब होतं ते ते गेलं. माझ्या परकराच्या नाड्या गेल्या. सायकलची ट्यूब गेली. पलंगाची नवार गेली, आन् ती मधोमध कापून नेली हे सांगायला हे इसरले. माझी नणंद नर्मदाबाई पिंगळीहून आलेली, दमून पलंगावर टेकली ती थेट फरशीवर. पाय वर, डोकं वर, मधलं सगळं खाली. तिला काढायला दोघं लागले. हे तिच्याकडं न बघता कापलेलं टोक बघायले आन् म्हणले, "नवार मजबूत हाय बरं. कापली नसती तर तुटली नसती." नर्मदाबाई तेव्हापासून आमच्याकडं आली की उभ्यानंच चहा घेते.

पट्टा घसरू नये म्हणून ह्यांनी त्याला गुळाचा हात लावला. मुंग्या आल्या. इंजिन सुरू केलं की पट्ट्याबरोबर त्याही गरगर फिरायच्या, आन् एक उतरंल तर शपथ. दुसऱ्या दिवशी अजून यायच्या. मला वाटतं त्यांच्या गावात सांगून झालं होतं.

इतकं करून पट्टा निसटायचाच. हे पुलीला मधे खोलगट करायचे. पट्टा खड्ड्यात बसला की बाहेर जाणार कुठं, असा हिशोब. मलाही तो बरोबरच वाटायचा. पट्टा चार फेरे मारायचा आन् बाजूला उडी. हे अजून खोल करायचे, तो अजून लौकर उडायचा. शेवटी नर्मदाबाईच्या ओळखीनं पिंगळीचे रंगनाथ मिस्त्री बोलावले. हयातभर ऑईल इंजिनं दुरुस्त केलेला माणूस, आता चष्म्यातूनही नीट दिसत न्हाई. त्यांनी पुली हातात घेतली, त्याच्यावरून बोट फिरवलं आन् हसायलाच लागले.

"आप्पा, उलटं केलंत की. पुलीला मधी पोट पायजे. जरासं फुगलेलं. पट्टा उताराला जात न्हाई, चढाला जातो."

"असं कसं?" हे म्हणले.

"कसं ते मला म्हाईत न्हाई. चाळीस वर्षं बघितलं. चढतो."

मी परत पायडल मारलं, पोटाच्या पुल्या झाल्या. नव्या पुलीवर पट्टा वाकडा टाकला तरी सरकत सरकत मधोमध येऊन बसला आन् तासभर हलला न्हाई. हे तासभर त्याच्याकडं बघत बसले. मीही बसले. चुलीवर भाजी करपली. मला राग यायला पायजे होता, तो आला न्हाई, हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं न्हाई.

आन् नेमकी तेव्हाच शिवप्रकाशला सिमेंटची एजन्सी मिळाली. पोती ठेवायला कोरडी जागा पायजे, आन् घरात कोरडी, रिकामी करण्यासारखी जागा एकच, मागची खोली. लेक वाईट न्हाई माझा. पण त्याला खोलीत बसलेला बाप दिसत न्हवता, नुसती खोली दिसत होती. जेवताना म्हणला, "आप्पा, चार वर्षं झाली. पीठ कुठाय?"

हे ताटातली भाकर कुस्करत बसले.

"शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी पहिला टेम्पो येणार. त्या सकाळी पारण्याला तुमच्या जात्याच्या पिठाची एक भाकर आईनं थापली, तर खोली तुमची. मी पुन्हा तोंड उघडणार न्हाई. न्हाई झाली, तर तुमचं सगळं सामान भंगारवाल्याला."

"शब्द?" हे म्हणले.

"शब्द."

आमच्या घरात दुकानदारी तीन पिढ्यांची. शब्द दिला की दिला, त्याच्यावर परत बोलायचं न्हाई. हातात एक महिना होता.

फक्त जातं ऱ्हायलं होतं. चारठाण्याच्या एका पाथरवटाकडून ह्यांनी काळ्या दगडाची जोडी करून आणली. खालचा दगड वीतभर, गोल, भोवती काठ, आन् पीठ पडायला एका बाजूला लांब पन्हाळ. मी तो धुऊन ओट्यावर वाळत ठेवला. सोमवार होता. आत जाऊन परत येते तर समोरच्या पार्वतीबाई हात जोडून उभ्या. दगडावर बेलाचं पान, वरून तांब्याभर पाणी ओतलेलं, पन्हाळीतून ठिबकायलेलं.

मी नीट बघितलं. हुबेहूब महादेवाची पिंड. वरचा दगड बसावा म्हणून मधे गोल उंचवटा, भोवती शाळुंका, बाजूला पाणी जायची वाट. पाथरवटानं आयुष्यभर पिंडी घडवलेल्या. त्याच्या हातानं सवयीचं तेच केलं.

"पार्वतीबाई, ते जातं हाय," मी म्हणलं.

"असंल की. महादेवानं जात्यात असायला काय हरकत हाय?"

दिवस मावळायच्या आत पंधरा बायका पाणी घालून गेल्या.

हे बाजारातून आले. मला वाटलं आता सगळ्यांना हाकलतील. ह्यांनी चपला काढल्या. ज्या माणसानं चार वर्षं घरातली एक नाडी सोडली न्हाई, त्यानं स्वतःच्या जात्यापुढं हात जोडले. "उमा," म्हणले, "आपल्या घरी आपण होऊन आले."

"आपण होऊन न्हाई आले, तुमी एसटीनं आणले," मी म्हणलं. "वरचा दगड ठेवा आन् दळा."

दगड मागच्या खोलीत नेला, मागोमाग बायकाही आल्या. ह्यांनी वरचा दगड बसवला, त्याची पुली बसवली, इंजिनापासून पट्टा ओढून घेतला. पार्वतीबाईंनी नुसतं बोट दाखवलं. पट्टा बरोबर पन्हाळीवरून जायला होता. महादेवाच्या पिंडीचं पाणी जिथून वाहतं ते सोमसूत्र. ते कोणी ओलांडत न्हाई. प्रदक्षिणा घालताना तिथपर्यंत जायचं आन् माघारी फिरायचं, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला म्हाईत हाय.

"आप्पा, तुमचा पट्टा मिनिटाला शंभर वेळा सोमसूत्र ओलांडंल," पार्वतीबाई म्हणल्या.

दुसरा कोणी असता तर हसला असता. हे घाबरले. इंजिन उचलून पलीकडच्या भिंतीला नेलं, पट्ट्याची वाट बदलली, त्यासाठी तीन पुल्या नव्या झाल्या, म्हणजे मी परत मशीनवर. पन्हाळ मोकळी झाली. मग ह्यांच्या ध्यानात आलं की पन्हाळीचं तोंड पूर्वेला हाय आन् ते उत्तरेला पायजे. सगळं परत फिरवलं. आता इंजिनाचा धूर सरळ देवघरात जायला लागला. मग धूर फिरवला. पंधरा दिवस गेले आन् एक दाणा दळला न्हाई.

तेवढ्यात पार्वतीबाईंना नवीन सुचलं. पट्टा ओलांडत न्हाई हे खरं, पण वरचा दगड तर पूर्ण गोल फिरणार. त्यानं कामून ओलांडावं?

"बाई, दगडाला काय पाप लागतंय?" मी म्हणलं.

"दगडाला न्हाई, फिरवणाराला," त्या म्हणल्या आन् ह्यांच्याकडं बघितलं.

झालं. ह्यांनी पट्टा काढून खुंटीला टांगला. त्याच्या जागी दोरी गुंडाळली, ताक घुसळायच्या रवीला असते तशी, आन् इंजिनाला एक दांडा जोडला, दोरी ओढायला आन् सोडायला. दगड पन्हाळीच्या अलीकडपर्यंत जायचा, थांबायचा, माघारी यायचा. दिसायचं लय देखणं, खोटं कशाला बोलू. महादेवाचा दगड महादेवाला प्रदक्षिणा घालायला होता, अगदी रीतीप्रमाणे, माणसापेक्षा जास्त नेमानं. फक्त पीठ पडत न्हवतं. जात्याच्या दगडावरच्या टाक्या, म्हणजे कोरलेल्या खाचा, एका अंगाला कलत्या असतात. जाताना त्या दाणा बाहेर ढकलायच्या, येताना परत आत घ्यायच्या. तासभर दाणे जाऊन येऊन करायचे आन् नुसते गुळगुळीत व्हायचे.

"पट्टा लावा," मी रोज सांगायची. "लेकाला शब्द दिलाय तुमी."

"लेकाला दिलाय," हे म्हणायचे, "पण हे कोण हैत बघ." आन् बोट जात्याकडं.

शिवरात्रीला आमच्या मागच्या दारापासून रांग लागली. हे उपाशीपोटी दिवसभर लोकांना चपला कुठं काढायच्या ते दाखवत बसले.

पारण्याच्या सकाळी शिवप्रकाश सिमेंटचा टेम्पो घेऊन दारात. सून महेश्वरी परात घेऊन उभी. पार्वतीबाई आन् दहाबारा बायका खोलीत. ह्यांनी आंघोळ, लिंगपूजा उरकली, कपाळाला भस्म लावलं, मूठभर ज्वारी दगडाच्या भोकात घातली आन् इंजिन सुरू केलं. दगड गेला, आला. गेला, आला. पंधरा मिनिटं झाली. पन्हाळीत काही न्हाई.

"आप्पा," शिवप्रकाश म्हणला. लय हळू म्हणला.

"हौ," हे म्हणले. "शब्द म्हणजे शब्द." आन् इंजिन बंद करायला हात पुढं केला. त्या हातावर पटाशीचे जुने नवे वण, बोटांत बाभळीची कुसळं. चाळीस वर्षांत ह्या माणसानं माझ्याकडं स्वतःसाठी काही मागितलं असंल तर ही खोली. मला ते बघवलं न्हाई.

मी पुढं झाले. दगडावरचं एकेक बेलाचं पान काढलं, डोळ्याला लावलं, तबकात ठेवलं. दोरी सोडून खाली टाकली. बायका आ वासून बघायल्या. मी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला.

"पार्वतीबाई, हा माझा महादेव. कळत न्हवतं तवापासून गळ्यात हाय. मी सैपाकघरात गेले की हा येतो. मी मोरी ओलांडली की ह्यानंही ओलांडली. माहेरी जात्यावर बसायची तवा माझ्याबरोबर हाही झुलला. अर्ध्यातून माघारी फिर म्हणून मला कधी म्हणला न्हाई. तुमच्या महादेवाला बसून ऱ्हायची सवय असंल. आमचा हिंडतो."

मी खुंटीवरचा पट्टा काढला आन् ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, दगडाकडं बघितलं, एकदा हात जोडले आन् पट्टा पुलीवर टाकला. दगड पूर्ण गोल फिरला, सोमसूत्रावरून. परत फिरला. आधी थोडी भरड पडली. मग पीठ. पांढरं, कोमट, खरं पीठ. हे तोंडावर उपरणं धरून रडायले, आन् मी सगळ्यांसमोर ह्यांच्या पाठीवर हात ठेवला, जे मी लग्नातसुद्धा केलं न्हवतं.

मी महेश्वरीच्या हातून परात घ्यायला वळले. तेवढंच. तेवढ्यात पार्वतीबाईंनी पन्हाळीखाली हात धरला, चिमूटभर कपाळाला लावलं, चिमूटभर तोंडात टाकलं. "प्रसाद," म्हणल्या. मग दुसरीनं हात धरला, मग तिसरीनं. वीतभर जात्याचं पीठ असतंय किती? परात येईपर्यंत पन्हाळ पुसल्यासारखी साफ. ह्यांनी परत ज्वारी घातली, परत पीठ पडलं, परत प्रसाद झाला. मी एकीचा हात धरला तर दुसरीचा पुढं. गल्लीत बातमी गेली, तिथूनही माणसं आली. टेम्पोवाला आला, चपला काढून. सात वेळा ज्वारी घातली आन् सात वेळा गाव पीठ खाऊन गेलं. तोवर ऊन अंगणात आलं, घरोघरची पारणी आटोपली, आन् आमच्या परातीत चिमूटभरही न्हाई.

हे उठले, हात पुसले. "शिवप्रकाश," म्हणले, "भाकर झाली न्हाई. तुझी बाजू खरी." आन् भिंतीवरची पटाशी काढून पिशवीत घालायला लागले. मग दुसरी. मग एकेक पुली, फडक्यात गुंडाळून. मला रडू कोसळलं.

शिवप्रकाश दारात उभाच. काही बोलंना. मला संताप आला, म्हणलं, मुर्दाड हाय का हा? मग त्याच्या तोंडाकडं बघितलं. कपाळाला पीठ, मिशीला पीठ, आन् जबडा हलायलेला. त्यानंही कधी तरी त्या गर्दीत हात पुढं केला होता.

"कचकच लागायलंय, आप्पा," तो म्हणला.

"दगड नवा हाय," हे म्हणले. "पंधरा दिवस दळला की जाईल."

शिवप्रकाशनं बापाच्या हातातली पिशवी घेतली. पटाशी काढली आन् परत होत्या त्या खिळ्याला लावली. मग बाहेर जाऊन टेम्पोवाल्याला म्हणला, "इकडून घे." ऐंशी पोती सिमेंट त्यानं स्वतःच्या आन् महेश्वरीच्या झोपायच्या खोलीत लावून घेतलं, छतापर्यंत.

ह्याला दोन महिने झाले. दर सोमवारी पीठ पडतं, दर सोमवारी प्रसाद होतो, भाकर अजून झालेली न्हाई. काल महेश्वरी केसांतून सिमेंट झटकत माझ्याकडं आली, तणतणत. "आत्या, तुमीच सांगा, बापाच्या खेळण्यासाठी कोणी आपला पलंग बाहेर काढतंय का? ह्या माणसाला म्हणावं तरी काय?" मी तिला बसवलं, चहा दिला. लेक बापावर गेला म्हणून मला आतून लय बरं वाटायलं होतं, पण तिच्यासमोर मी तोंड वाकडं करून बसले आन् म्हणलं, खरं हाय बाई तुझं.